आभाळातल्या त्या रेघा पुसू नका

पत्र:
ताई, मी चार वर्षांपासून लिनोकट करतोय, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून त्याचे शाईने ठसे काढतोय. नुकताच एक ब्लॉक कोरला: झाडाला टेकवून ठेवलेली सायकल. काळ्या शाईत हाताने २० प्रिंट काढले आणि ते मला मनापासून आवडले. मग वाटलं, याला रंग द्यावा. पण एकाच चित्रासाठी आणखी तीन ब्लॉक कोरायचा धीर होईना. म्हणून त्यातल्या त्यात काळाभोर आलेला प्रिंट स्कॅन केला, थ्रेशोल्ड लावून स्वच्छ काळा-पांढरा केला, ऑटो-ट्रेसने कडा गुळगुळीत केल्या आणि बादलीच्या टूलने रंग ओतले. आठवडा गेला. आता ते लहान मुलांच्या स्टिकरसारखं दिसतंय, लिनोकट वाटतच नाही. रेषांच्या कडेला बारीक पांढरी फटही राहिली आहे. त्यात माझ्यासोबत प्रिंट काढणारी मैत्रीण म्हणते, हाताच्या कामाला कॉम्प्युटरने रंग देणं ही फसवणूक आहे. हा नादच सोडून देऊ का? दोन्ही चित्रं सोबत पाठवतोय.

उत्तर:
नाद सोडू नका. तुमची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडून मी बराच वेळ बघत बसले होते. रंग तुम्ही वाईट निवडलेले नाहीत. चित्रातला जीव गेला तो रंग भरायच्या आधीच, साफसफाईत.

हातचा प्रिंट मोठा करून मागच्या चाकापाशी या. तिथे एका स्पोकला छेदून गेलेला बारीक पांढरा ओरखडा आहे. कोरणी निसटली असणार. त्याच्या वर, फांद्यांमधल्या मोकळ्या आभाळात तिरप्या, तुटक रेघा आहेत. लिनो कितीही खणला तरी तळाशी कोरणीचे उंचवटे राहतात, रोलर जाता जाता त्यांना शिवतो आणि ते कागदावर उमटतात. तुमच्या सगळ्या रेघा एकाच दिशेने जातात. म्हणजे आभाळ खणताना तुम्ही ब्लॉक फिरवला नाहीत, हात एका लयीत चालला होता. खोडाचा मोठा काळा भागही खरं तर सलग काळा नाही. शाई जरा पातळ बसल्यामुळे त्यात मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे कण आहेत. आणि खोडाच्या कडेला, जिथे दाबाने शाई थोडी बाहेर सरकली, तिथे केसाएवढी गडद किनार आहे.

आता दुसरं चित्र. ओरखडा नाही, रेघा नाहीत, मीठ नाही, किनार नाही. स्पोक फुटपट्टीने आखल्यासारखे. थ्रेशोल्ड प्रत्येक पिक्सेलला एकच प्रश्न विचारतो: तू काळा की पांढरा? मधल्या करड्या छटांना उत्तरच देता येत नाही, त्यामुळे त्या मिटतात किंवा टोचणारे काळे ठिपके होऊन बसतात. त्यावर ऑटो-ट्रेस केलंत, म्हणजे उरलेल्या खडबडीत कडाही वळणदार झाल्या. कोरणीची धार लिनोतून फिरताना जे छोटे छोटे कोन पडतात, त्यावरूनच डोळ्याला कळतं की ही वस्तू कुणीतरी कापून काढली आहे. तेच गेल्यावर उरलं ते चित्र कोणाचंही असू शकतं.

हे मी अनुभवाने सांगते. पूर्वी एका वुडकटचा स्कॅन मी रात्रभर बसून असाच लख्ख केला होता. लाकडाच्या शिरा उमटल्या होत्या, त्याही मला डाग वाटल्या. एक एक करून पुसल्या. सकाळी बघितलं तेव्हा लाकूड कुठेच नव्हतं. मूळ स्कॅनवरच काम केलेलं, कॉपी ठेवलेली नाही, आणि तो प्रिंट तोवर दुसऱ्याच्या भिंतीवर गेलेला. अजून चुटपुट लागते. म्हणून पहिलं काम: मूळ स्कॅन वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि त्याला पुन्हा हात लावू नका.

पुन्हा स्कॅन करताना प्रिंट पूर्ण वाळलेला हवा. तैलशाई वरून कोरडी वाटली तरी आत काही दिवस ओली असते, आणि स्कॅनरच्या काचेवर लागलेला शाईचा डाग पुढच्या प्रत्येक प्रिंटवर दिसतो. ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके ठेवा. ए-४ कागदाचे साधारण ४९६० बाय ७०१६ पिक्सेल मिळतात, म्हणजे उद्या ३०० डीपीआयवर दुप्पट लांबी-रुंदीचं, ए-२ आकाराचं चित्र छापायचं ठरवलंत तरी पुरेल. फाइल टिफमध्ये ठेवा. जेपेग प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडं थोडं खातं, आणि सगळ्यात आधी कडांजवळचं खातं.

आणि स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘डस्ट रिमूव्हल’, ‘शार्पन’, ‘ऑटो करेक्शन’ असं जे जे आपोआप चालू असेल ते सगळं बंद करा. धूळ काढणाऱ्या फिल्टरला तुमच्या खोडातलं मीठ आणि खरी धूळ यांतला फरक कळत नाही. तो दोन्ही झाडून टाकतो. खरी धूळ असेल ती नंतर मोठं करून, एक एक कण बघून, हाताने काढा. कुठला कण शाईने सोडलेला आणि कुठला काचेवरचा, हे तुम्हाला कळतं. तुम्हीच तो प्रिंट काढला आहे.

थ्रेशोल्डऐवजी लेव्हल्स वापरा, त्यात काळं आणि पांढरं कुठून धरायचं ते स्लायडरने हळूहळू ठरवता येतं. पांढऱ्याचा स्लायडर कागदाचा रंग जेमतेम पांढरा होईपर्यंत आत आणा आणि थांबा. काळ्याचा स्लायडर अगदी थोडा हलवा. खोडातला सगळ्यात गडद भाग शून्यावर नेऊन आदळण्याची गरज नाही, (० म्हणजे पूर्ण काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं) २० ते ३० च्या आसपास राहिला तरी कागदावर तो काळाच दिसतो आणि किनार जिवंत राहते. आभाळातल्या रेघा जरा जास्त वाटल्या तर दोन-चार कमी करा, मी नाही म्हणणार नाही. प्रत्यक्ष प्रिंट काढतानाही आपण एखादा नकोसा उंचवटा खणून टाकतोच. पण निम्म्याहून जास्त पुसायचा मोह झाला तर उठा, चक्कर मारून या.

आता त्या पांढऱ्या फटीबद्दल. बादलीचं टूल कडेपर्यंत येतं आणि कडेवरच्या करड्या पिक्सेलना पांढरंही धरत नाही, काळंही धरत नाही, म्हणून तिथे थांबतं. ती फट बादलीने कधीच बुजणार नाही. रेषांचा लेयर सगळ्यात वर ठेवा, त्याचा मोड ‘मल्टिप्लाय’ करा, लॉक करा, आणि रंग त्याच्या खालच्या लेयरवर द्या. फोटोशॉप, गिंप, क्रिता, चित्रांच्या या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. मल्टिप्लायमध्ये पांढरा कागद नाहीसा होतो, काळा काळाच राहतो आणि मधली प्रत्येक करडी छटा पारदर्शक शाईसारखी खालच्या रंगावर बसते. खालचा रंग रेषेच्या आत बेधडक सरकवा, काळ्याखाली तो दिसत नाही. छापखान्यात यालाच ट्रॅप म्हणतात: दोन रंग कडेला कड लावून न ठेवता एक दुसऱ्याखाली थोडा घुसवायचा, म्हणजे कागद किंचित हलला तरी फट पडत नाही.

इथवर केलंत तरी चित्र बरंच सुधारेल. पण स्टिकरपण पूर्ण जायला हवं असेल तर रंगाचा विचार बादलीसारखा नको, ब्लॉकसारखा करायला हवा. तुमच्या फाइलमध्ये मी अकरा रंग मोजले. पानांना तीन हिरवे, सायकलला लाल आणि गडद लाल, सीटला तपकिरी, हँडलला वेगळा तपकिरी... अकरा ब्लॉक तुम्ही कधी कोरले असते का? तीन घ्या. एका रंगाला एक लेयर, आणि हे लेयरही मल्टिप्लायवर. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा आपोआप मिळतो, तांबड्यावर चढला की सीटचा तपकिरी मिळतो. तीन रंगांतून सहा-सात निघतात, आणि ते एकमेकांचे नातलग असतात. चित्र एका घरातलं वाटू लागतं.

प्रत्येक रंगाचा आकार सिलेक्शन टूलने न उचलता हाताने काढा. तो ब्लॉक लिनोवर कोरायचा असता तर पानांच्या प्रत्येक फटीतून कोरणी नेली असतीत का? नाही. झाडाचा एक ढोबळ हिरवा आकार काढला असता, काही ठिकाणी पानं रंगाबाहेर गेली असती, काही ठिकाणी रंग पानांबाहेर. तसंच काढा. काही जण नेमका बसलेला रंग मुद्दाम अर्धा मिलिमीटर बाजूला सरकवतात, ६०० डीपीआयवर १२ पिक्सेल, म्हणजे ‘हातचं’ वाटावं म्हणून. मला ते पटत नाही. सगळी चूक एकाच दिशेने, एकाच मापाने झालेली असते आणि डोळ्याला ते कळतं. हाताने काढा, जुळणी हवी तेवढी आपोआप चुकेल.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगाची. लिनोचा न कोरलेला कोरा तुकडा घ्या, त्यावर रोलरने काळी शाई लावा आणि कागदावर छाप काढा. नुसता काळा चौकोन. असे चार-पाच काढा: एक भरपूर शाईचा, एक पातळ, एक हाताने चमच्याने घासून, एक नुसता रोलर कागदावर फिरवून. वाळले की करड्या छटांत स्कॅन करा. यातला एक चौकोन इन्व्हर्ट करा, म्हणजे काळ्याचं पांढरं करा, आणि तुमच्या सपाट हिरव्या लेयरला मास्क म्हणून लावा; मास्क पांढरा असतो तिथे रंग दिसतो, काळा असतो तिथे झाकला जातो. जिथे शाई बसली नव्हती तिथून कागद डोकावेल. हा पोत तुमच्याच रोलरचा, तुमच्याच शाईचा, कुठून उतरवून घेतलेला नाही. प्रत्येक रंगाला वेगळा चौकोन वापरा. तोच पोत तीनही रंगांत आला तर ठिपके एकावर एक बसतात आणि कागदाला भोकं पडल्यासारखी दिसतात.

रंगही स्क्रीनवरच्या चकतीतून न उचलता तुमच्या शाईच्या डब्यांतून उचला. तिन्ही शाया कागदावर लावा, वाळवा, स्कॅन करा आणि आयड्रॉपरने तिथून रंग घ्या. स्क्रीन आरजीबीत, म्हणजे उजेडाने रंग दाखवते. तो झगझगीत हिरवा आणि नारिंगी छापण्याच्या चार शायांना जमतच नाही आणि कागदावर मळकट होतो. खऱ्या शाईतून घेतलेल्या रंगाचा असा अपेक्षाभंग कमी होतो. काहीही झालं तरी मोठं चित्र छापण्याआधी त्यातली एक पट्टी छापून दिवसाच्या उजेडात बघा. ऑफसेटवर छापायला देणार असाल तर रेषांचा लेयर फक्त काळ्या शाईवर राहील असं बघा. नाहीतर तो काळा चारही शायांत वाटला जातो, आणि प्लेट किंचित सरकली तरी तुमच्या बारीक मिठाला रंगीत सावल्या येतात.

आता मैत्रिणीचं म्हणणं. ते मी झटकून टाकणार नाही, कारण तिला जे जपायचं आहे तेच तुम्हाला आणि मलाही जपायचं आहे. पण फसवणूक कुठे असते ते नीट बघू या.

ठसा काळ्यात काढायचा आणि रंग दुसऱ्या साधनाने द्यायचा, ही पद्धत मुद्राचित्रणाइतकीच जुनी आहे. युरोपात १५ व्या शतकातल्या लाकडी ठशांवर कुंचल्याने आणि स्टेन्सिलने रंग दिलेले आहेत. १५१० च्या आधीच जर्मनीत बुर्कमायर आणि क्रानाख या चित्रकारांनी छटांसाठी वेगळा ब्लॉक वापरायला सुरुवात केली. इटलीत उगो दा कार्पी या ठसेकाराने १५१६ मध्ये अशा छपाईसाठी व्हेनिसच्या सत्तेकडे हक्क मागितला होता. जपानमध्येही सुरुवातीचे ठसे नुसते काळे, मग त्यावर हाताने रंग, मग दोन-तीन रंगांचे ब्लॉक, आणि १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून अनेक ब्लॉकांची पूर्ण रंगीत छपाई रुळली. तिथे चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. चित्रकाराच्या हाताचा रंग कागदाला लागतच नसे. ती चित्रं खोटी आहेत असं तुमची मैत्रीणही म्हणणार नाही.

खोटेपणा शिरतो तो नावात. डिजिटल रंग दिलेल्या इंकजेट प्रिंटखाली तुम्ही नुसतं ‘लिनोकट’ लिहिलंत, किंवा तुमच्या २० हातच्या प्रिंटांच्या क्रमांकातच त्याला घुसवून ‘२१’ लिहिलंत, तर मैत्रीण बरोबर आणि तुम्ही चूक. ‘७/२०’ असं पेन्सिलने लिहिणं हा शब्द असतो: या ब्लॉकवरून, या हाताने, एवढेच. तो मोडायचा नाही. डिजिटल प्रिंटची वेगळी आवृत्ती करा, तिला वेगळे क्रमांक द्या आणि खाली स्पष्ट लिहा: ‘लिनोकटवरून, डिजिटल रंग, पिगमेंट इंकजेट’. ‘जिक्ले’ हा शब्द वापरू नका असं मी सांगेन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंकजेट प्रिंटला भारदस्त नाव हवं म्हणून तो फ्रेंचमधून घडवला गेला, त्याचा अर्थ फवारणं एवढाच. घेणाऱ्याला कळेल असं साधं लिहा.

मैत्रिणीला पटेल अशी एक वाटही आहे, आणि मला स्वतःला ती सगळ्यात आवडते: क्रम उलटा करा. रेषांचा लेयर बंद करून फक्त तीन रंग चांगल्या, जाड कागदावर छापून घ्या. शाई पिगमेंटचीच, म्हणजे बारीक रंगकणांची हवी, डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, पाण्याने पसरते आणि उजेडात लवकर उडते. ते रंग वाळले की त्याच कागदावर तुमचा सायकलचा ब्लॉक काळ्या तैलशाईने हाताने छापा. रंग मशीनचा, रेषा खऱ्या, कागदात दाबलेल्या, बोटाला लागणाऱ्या. कागद ओला करू नका, भिजला की ताणतो आणि रंग जुळत नाहीत. जुळणीसाठी जपानी ब्लॉकवर असते तशी खूण करा: एका कोपऱ्यात काटकोनी थांबा, त्याच बाजूला पुढे एक सरळ थांबा, कागद दर वेळी त्या दोघांना टेकवून खाली सोडायचा. रंगांची फाइल उलटी करावी लागणार नाही, कारण स्कॅन प्रिंटचा आहे, ब्लॉकचा नाही. पुढेमागे हेच रंग लिनोवर कोरायचे ठरवलेत तर मात्र फाइल आरशासारखी उलटी करूनच लिनोवर उतरवा. तेव्हा आजचं हे डिजिटल काम तीन ब्लॉकांचा नकाशा म्हणून हाताशी येईल, आणि धीर होत नव्हता तो कदाचित होईल.

एक शंका मनात आली ती बोलून दाखवते. या चित्राला रंग हवाच आहे का? ठशांसाठी गाजलेल्या जर्मन चित्रकार ड्यूररबद्दल विद्वान इरॅस्मसने १५२८ मध्ये लिहिलं होतं की तो नुसत्या काळ्या रेषांनी सगळं दाखवतो, त्यावर रंग चढवला तर कामाची हानीच होईल. तुमच्या खोडावरच्या आडव्या रेषांनी सावली आधीच सांगितली आहे. तिथे रंग घातला की सावली दोनदा सांगितली जाते. पानांचा भाग मात्र मोकळा आहे, आणि सायकलची चौकट तर रंगाची वाटच बघते आहे. मी खोड आणि आभाळ कोरं ठेवून बघेन. तिसरा रंग कदाचित लागणारही नाही.

स्कॅनसाठी तुम्ही सगळ्यात काळाभोर प्रिंट निवडलात. या वेळी शाई कमी पडली म्हणून बाजूला ठेवलेला एखादा फिका प्रिंट असेल तर तो काढा. खोडातलं मीठ त्यात सगळ्यात छान असणार. तो स्कॅन करा, लेव्हल्स हलकेच लावा आणि फक्त सायकलच्या चौकटीला एक लाल द्या. चाकावरचा तो ओरखडा आहे तसाच राहू दे. झालं की पाठवा, मी वाट बघते.